देवाची निवड आणि दुकानाची वही

आम्हा निवृत्तांच्या गप्पांत 'अमुक धर्माचे लोक कष्टाळू, तमुक धर्माचे आळशी' असा निकाल फटकन लागतो, आणि थोडं वाचलेला एखादा साक्षीला माक्स वेबरना उभं करतो. म्हणून आज वेबरच.

१९०४-०५ मध्ये या जर्मन समाजशास्त्रज्ञाने मांडलेला मुद्दा जरा तिरपा आहे. कोण तरणार, कोण बुडणार हे देवाने आधीच ठरवलंय, ते दानधर्माने किंवा पुण्याने बदलत नाही, अशी कॅल्विनपंथाची शिकवण. वाटेल, मग माणूस हातपाय गाळून बसेल. वेबर म्हणतात, उलट झालं. 'मी निवडलेल्यांत आहे ना?' ही धास्ती झोपू देईना. धर्मोपदेशक सांगत, शंका सोडा, आपल्या कामाला जुंपून घ्या. कामातल्या यशाने मोक्ष मिळत नव्हता, फक्त मनाची खात्री पटत होती. मेख इथेच आहे. शिवाय चैन हे पाप, म्हणजे नफा पुन्हा धंद्यातच जाणार.

फौजेत तपासणी कधी होणार ते कळलं नाही, की बराक रोज चकाचक असते. त्यामुळे मला हे चटकन पटतं. पण पटणं वेगळं आणि पुरावा वेगळा.

फ्लॉरेन्समध्ये मेदिचींची पेढी १३९७ मध्ये सुरू झाली, लूथरच्या बंडाच्या १२० वर्षं आधी. दुहेरी नोंदीची हिशेबपद्धत १४९४ मध्ये व्हेनिसला छापून समजावली ती लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने. म्हणजे सगळी कॅथलिक मंडळी! धर्मसुधारणेतूनच भांडवलशाही जन्मली, हे म्हणणं तर खुद्द वेबरनाच खुळेपणाचं वाटे.

२००९ मध्ये बेकर आणि व्योसमान या अर्थतज्ज्ञांनी प्रशियातली एकोणिसाव्या शतकातली आकडेवारी तपासली. प्रॉटेस्टंट जिल्हे पुढे होते, पण तिथे साक्षरताही जास्त होती, आणि समृद्धीतला बहुतेक फरक तिनेच उलगडत होता. बायबल प्रत्येकाने स्वतः वाचावं म्हणून लूथरने शाळांचा आग्रह धरला होता, मुलींच्यासुद्धा. वाचायला शिकवलं धर्मग्रंथासाठी, ते उपयोगी पडलं बाजारात.

माझा कौल शाळेला. तरी एक गोष्ट अडतेच. शाळा हिशेब वाचायला शिकवेल, पण हाती आलेला नफा न उधळण्याची सक्ती कुठून आली? तिथे मला अजून वेबरकडेच जावं लागतं.