विटक्या जीन्समागचं एन्झाइम

लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे आणि तिथे मुद्दाम विटवलेल्या जीन्स मिळतात. हे विटवणं पूर्वी प्युमिस दगडांबरोबर धुऊन होई. आता बरंचसं काम सेल्युलेज हे एन्झाइम करतं.

कापसाचा तंतू नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असतो, म्हणजे ग्लुकोजच्या हजारो एककांची साखळी. गिरणीत ताण्याच्या सुताला लावायची ती खळ, म्हणजे स्टार्च, हीसुद्धा ग्लुकोजचीच. फरक जोडणीत. म्हणून स्टार्च तोडणारं अमायलेज हे एन्झाइम खळ उतरवतं, पण सुताला धक्का लावत नाही. सेल्युलोजला हवं सेल्युलेज, आणि ते एकटं नसतं: एक एन्झाइम साखळी मधेच तोडतं, दुसरं टोकाकडून ग्लुकोजच्या जोड्या सोडवतं, तिसरं त्या जोड्या फोडतं. या एन्झाइमांसाठी प्रसिद्ध असलेली बुरशी म्हणजे ट्रायकोडर्मा रीसेई. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी लष्कराचं सुती सामान कुजत होतं, त्यावर ती सापडली.

गंमत अशी, की सेल्युलेज निळीला हातही लावत नाही. नीळ सुताच्या पृष्ठभागावरच बसलेली असते. सेल्युलेजने सुताचा तो वरचा थर सुटला की रंगही जातो. साध्या सुती कापडावरची लवही अशीच झडते. आम्लधर्मी सेल्युलेज साधारण ५० अंश सेल्सिअसला, तासाभरापर्यंत चालवतात आणि मग पाणी ८० अंशांपर्यंत तापवून त्याला निकामी करतात. त्यात हयगय झाली, तर कापड मऊ होतं खरं, पण विरतं.