सर्व्हरवरील दुसरा पहारा

एखाद्या संस्थेचें संकेतस्थळ ज्या लिनक्स सर्व्हरवरून चालतें, तेथें पुष्कळांना एक चमत्कारिक अनुभव येतो. नवें पान तयार करून ठरलेल्या डिरेक्टरींत ठेवलें, तें सर्वांस वाचतां यावें अशी परवानगीही दिली. तरी पाहणाऱ्यास उत्तर मिळतें तें प्रवेश निषिद्ध असल्याचें. व्यवस्थापक परवानग्या पुन्हां पुन्हां तपासतो, चूक सांपडत नाहीं. शेवटीं कोणीतरी सल्ला देतो, "तें एसईलिनक्स बंद करून टाका!" तें बंद होतांच पान दिसूं लागतें व सर्वांस हायसें वाटतें. पण ज्याला बंद केलें तें होतें तरी काय?

लिनक्सची मूळची व्यवस्था युनिक्सच्या वळणाची. तींत फाईल ज्याच्या मालकीची, त्यानेंच ती कोणास दाखवावयाची हें ठरवावें. आणि 'रूट' नांवाच्या सर्वाधिकाऱ्याला कोठेंच अटकाव नाहीं. घरगुती कामास एवढें पुरतें. सर्व्हरवर मात्र पडद्याआड अहोरात्र राबणारे कार्यक्रम असतात. त्यांना डीमन म्हणतात. (नांवावरून भुताखेतांची शंका येऊं नये, हा केवळ अदृश्य सेवक आहे.) हे सेवक साऱ्या जगाशीं बोलत असतात. त्यांच्यापैकीं एखाद्यांत दोष राहिला आणि परक्यानें त्याला वश करून घेतलें, म्हणजे सेवकाला जें जें करतां येतें तें तें त्या परक्यालाही करतां येतें. सेवक रूटच्या अधिकारानें चालत असला तर बोलावयासच नको.

या धोक्यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनें एसईलिनक्स रचून डिसेंबर २००० मध्यें तें सर्वांस खुलें केलें. २००३ सालीं तें लिनक्सच्या गाभ्यांतच सामील झालें. २०१४ मध्यें निघालेल्या अँड्रॉइडच्या पांचव्या आवृत्तीपासून हाच पहारा फोनवरही पूर्णपणें लागूं झाला.

हा दुसरा पहारेकरी मालक कोण हें पाहत नाहीं, शिक्का पाहतो. प्रत्येक फाईलवर एक शिक्का असतो, तसाच चालत्या कार्यक्रमावरही. कोणत्या शिक्क्याच्या कार्यक्रमानें कोणत्या शिक्क्याच्या फाईलीला हात लावावा हें नियमसंहितेंत लिहिलेलें असतें, आणि जें लिहिलेलें नाहीं तें निषिद्ध. अपाची हा वेबसेवेचा डीमन 'एचटीटीपीडी_टी' या शिक्क्याखालीं चालतो व संकेतस्थळाच्या पानांचा शिक्का असलेल्या फाईली वाचूं शकतो. वरील व्यवस्थापकानें पान स्वतःच्या घरच्या डिरेक्टरींत लिहिलें आणि 'एमव्ही' या आज्ञेनें हलविलें. हलविलेली फाईल आपला जुना शिक्का बरोबर घेऊन येते. 'सीपी'नें नक्कल केली असती, तर नव्या जागेचा शिक्का आपोआप बसला असता. एवढ्याशा फरकापायीं सारा घोटाळा!

पहारेकरी मुका मात्र नाहीं. कोणी, कशाला, काय करूं पाहिलें व दोघांचे शिक्के कोणते, याची नोंद तो बहुधा ऑडिट लॉगमध्यें करतो. ती आधीं वाचावी. शिक्काच चुकला असेल तर 'रिस्टोअरकॉन' ही आज्ञा जागेला शोभणारा शिक्का पुन्हां उमटविते. पानें मुद्दाम निराळ्या जागीं ठेवावयाचीं असल्यास ती जागा 'सेमॅनेज'नें संहितेंत नोंदवून मग रिस्टोअरकॉन चालवावें. 'सीएचकॉन'नें हातानें मारलेला शिक्का पुढें सर्व फाईलींवर शिक्के नव्यानें बसवितांना पुसला जातो. नेहमींच्या गरजांसाठीं संहितेंत तयार कळाही आहेत. अपाचीला दुसऱ्या सर्व्हरशीं बोलावयाचें असेल, तर नवा नियम न लिहितां एक कळ दाबून भागतें.

खरी जपणूक हवी ती 'ऑडिट-टू-अलाऊ' या साधनाविषयीं. तें नोंदी वाचून हवा तो परवाना स्वतःच लिहून देतें, आणि घाईच्या वेळीं हें फार सोयीचें वाटतें. परंतु आपल्या उदाहरणांत त्यानें लिहिलेला नियम असा झाला असता, कीं घरच्या फाईलींचा शिक्का असलेलें सर्व कांहीं, कोणाचींही पत्रें, कोणाचेही हिशेब, अपाचीनें खुशाल वाचावें. एका पानासाठीं वाड्याचा दिंडीदरवाजाच उचकटून ठेवण्यासारखें हें झालें.

संस्थेनें स्वतः घडविलेल्या डीमनाला नवे नियम खरोखरच लागतात. तेव्हां सर्व पहारा न उठवितां तेवढ्या एका डीमनाला कांहीं दिवस सवलत द्यावी, त्याच्या नोंदी जमूं द्याव्या, एकेक वाचून आवश्यक तेवढेच नियम बसवावे आणि सवलत काढून घ्यावी. हें शेवटचें काम बहुतेक विसरतात. सवलतींतल्या डीमनाच्या नोंदी होत राहतात, अटकाव मात्र होत नाहीं.