इंजिनाला पावडरीचं कवच

पेणचा खारेपाट असो की रोह्याचा कुंडलिकाकाठ, इथली दमट हवा उघड्या लोखंडाला गंज चढवतेच. म्हणून गाडीचे व्हॉल्व्ह कव्हर, ब्रॅकेट असे भाग घरीच पावडर कोटिंग करावेत, असं हौशी मंडळींना वाटतं.

यात थिनर नसतो. गनमधून सुटणाऱ्या कोरड्या पावडरीला विद्युतभार मिळतो आणि अर्थिंग दिलेल्या धातूला ती चिकटते. मग सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसला ती वितळते, तिचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा टणक थर बनतो. भाजण्याची वेळ मोजायची ती धातू पुरेसा तापल्यापासून.

आता सांभाळायचं काय? स्वयंपाकाचा ओव्हन या कामाला कधीच वापरू नका; विजेवरचा वेगळा ओव्हन हवा आणि तोही मोकळ्या हवेत. हवेत तरंगणारी पावडर ठिणगीनं भडकू शकते. मास्क, चष्मा हवाच. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरचा अंश राहिलेला भाग तापला, तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. म्हणून असा क्लीनर टाळाच. आटे आणि बेअरिंगच्या जागा सिलिकॉनच्या बुचांनी झाका. एक्झॉस्टला साधी पावडर टिकत नाही. ब्रेक, स्टिअरिंगचे भाग मात्र जाणकाराकडेच द्या.