अंगणातला भेक

मी मुख्याध्यापक असताना पावसाळ्याच्या आरंभी एक प्रश्न मला दरवर्षी हमखास विचारला जाई. शाळा उघडून आठ-दहा दिवस झालेले असत. मैदानाच्या सखल कोपऱ्यात गुडघाभर पाणी साचलेले असे. आणि मधल्या सुट्टीत सहावी-सातवीतला कोणीतरी विद्यार्थी माझ्या खोलीच्या दाराशी घुटमळत उभा राही. त्याचे दोन्ही हात पाठीमागे असत. त्या हातांत काय दडले आहे, हे मला न पाहताच कळे. "गुरुजी, मला बेडूक पाळायचा आहे. कोणता चांगला?"

प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. बेडूक म्हणजे बेडूक, असे आपण सहज म्हणतो. परंतु डबक्यातला बेडूक, शेतातला बेडूक, न्हाणीघराच्या भिंतीवर चिकटून बसलेला बेडूक आणि रात्री दिव्याखाली येऊन बसणारा खडबडीत अंगाचा भेक, या चौघांचे स्वभाव चार सख्ख्या शेजाऱ्यांसारखे वेगवेगळे असतात. एकाला जे सुखाचे, ते दुसऱ्याला प्राणघातक ठरते. ही गोष्ट मी कशी शिकलो, ते प्रथम सांगतो.

मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आमच्या गावाबाहेरच्या भातखाचरांतून पहिल्या मोठ्या पावसानंतर रात्रभर बेडकांचा गजर चाले. सकाळी बांधावर जाऊन पाहावे, तर पाण्यात हळदीने माखल्यासारखे पिवळेधमक बेडूक बसलेले! ओरडताना त्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगत. त्यांतला एक मी मोठ्या शर्थीने पकडला. माझा धाकटा भाऊ माझ्याबरोबर होता. त्यानेही काठच्या गवतातून अंगठ्याएवढी एक इवलीशी बेडकी पकडली. घरी येऊन आम्ही ते दोन्ही जीव पितळी घंगाळात सोडले, वर परडी झाकली आणि परडीवर दगड ठेवला. सकाळी परडी उचलली, तेव्हा घंगाळात एकच बेडूक होता. दगड जागचा हललेला नव्हता.

"दादा, माझी बेडकी कुठे गेली?" भावाने विचारले. ती उडी मारून गेली, असे मी त्याला सांगितले. त्या दिवशी त्याने तुळशीवृंदावनाच्या मागे, रांजणाखाली, गोठ्यात, सर्वत्र तिला शोधले. मी त्याच्याबरोबर शोधीत हिंडलो.

तो पिवळा बेडूक म्हणजे आपल्याकडचा सर्वांत मोठा बेडूक. तो १५ सेंटीमीटरांपर्यंत वाढतो, आणि त्याच्या तोंडात जे जे मावेल ते ते खातो. किडे, खेकडे, उंदराची पिल्ले आणि स्वतःहून लहान बेडूक, यांपैकी काहीही त्याला वर्ज्य नाही. त्याची पिल्लेसुद्धा डबक्यातल्या इतर पिल्लांना खातात. शिवाय ज्या रंगाला मी भुललो, तो रंग नराच्या अंगावर केवळ विणीच्या दिवसांत येतो. एरवी तो शेवाळी हिरवा असतो. तेव्हा रूप पाहून बेडूक निवडू नये, एवढे तर उघडच आहे.

मग डबक्यातला बेडूक पाळावा काय? डोळे तेवढे पाण्यावर काढून तरंगणारा, चाहूल लागताच पाण्याच्या पृष्ठावरून टप्पे घेत पळणारा, हा बेडूक तुम्ही सर्वांनी पाहिला असेल. जवळजवळ सारे आयुष्य तो पाण्यात काढतो. काचेच्या बरणीत कोंडला, तर बाहेर पडण्यासाठी तो काचेवर नाक आपटीत राहतो. ती बरणी खिडकीत उन्हात राहिली, तर तासा-दोन तासांत त्याचा अंत होतो.

बेडकाच्या कातडीविषयी येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपली कातडी हे आपले पांघरूण आहे. बेडकाची कातडी हे त्याचे पांघरूण आहेच, शिवाय ती त्याचे पाणी पिण्याचे साधन आहे आणि काही अंशी श्वसनाचे इंद्रियही आहे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ओल्या जमिनीवर पोट टेकून बसला की पोटाच्या व मांड्यांच्या कातडीतून पाणी त्याच्या शरीरात शिरते. फुप्फुसांनी तो श्वास घेतो, पण हवेतील प्राणवायू त्याच्या ओलसर कातडीतूनही आत जातो. हे द्वार पाण्याला उघडे असते, तसेच त्या पाण्यात जे मिसळले असेल त्यालाही. मोरीतला साबण, शेतात फवारलेले कीटकनाशक, नळाच्या पाण्यात जंतुनाशासाठी घातलेले क्लोरीन, आपल्या तळहातावरचा घाम आणि मीठ, यांचा उपद्रव त्याला होतो. म्हणूनच बेडकाला उठसूट हातात घेऊ नये. मांजराला कुरवाळले तर ते सुखावते. बेडकाला कुरवाळणे म्हणजे त्याच्या नाकातोंडाला मिठाचा हात लावण्यासारखे आहे.

भिंतीवर चढणारा बेडूक मोठा देखणा. त्याच्या बोटांच्या टोकांना चपट्या, वाटोळ्या चकत्या असतात. त्यांच्या साहाय्याने तो गुळगुळीत भिंतीवरही चिकटून बसतो. उन्हाळ्यात ओलाव्याच्या शोधात तो न्हाणीघरात येतो आणि एखाद्या कोनाड्यात पाय दुमडून दिवसभर निपचित पडून राहतो. पावसाळ्यात ही जात पाण्याच्या काठी किंवा पाण्यावर झुकलेल्या पानांवर पांढऱ्या फेसाचे घरटे करते. अंडी त्या फेसात सुरक्षित राहतात आणि पिल्ले योग्य वेळी खालच्या पाण्यात टपकतात. कोणी साबणाचा फेस सांडला असे समजून पुष्कळ जण ते पाणी ओतून पुसून टाकतात. तुमच्या घरी असा पाहुणा आला, तर त्याला राहू द्यावे. परंतु तो निशाचर आणि भटक्या आहे. त्याला पेटीत कोंडण्यात अर्थ नाही.

आता उरला भेक. सामान्यतः लोक त्यालाही बेडूकच म्हणतात, पण त्याला ओळखणे अवघड नाही. त्याची कातडी कोरडी व खडबडीत असते, अंगभर काळ्या टोकांचे फोड असतात, पाय आखूड असतात. लांब उडी मारण्याऐवजी तो अंगणातून लहान लहान उड्या घेत, एखाद्या स्थूल गृहस्थाप्रमाणे सावकाश जातो. रूपाच्या परीक्षेत भेकाला शेवटचाच क्रमांक मिळेल. तरीही प्रथमच मैत्री करू पाहणाऱ्या मुलाला मी त्याचेच नाव सांगत असे. कारण पाण्यावाचून तो इतर बेडकांपेक्षा पुष्कळ अधिक काळ राहू शकतो. माणसाच्या वस्तीला तो बुजत नाही. वाळवी, मुंग्या, भुंगेरे असे जे किडे आपल्याला नको असतात, तेच त्याला हवे असतात. आणि एकदा जागा पसंत पडली, की तो तेथेच टिकून राहतो.

त्याला हात लावल्यास अंगावर चामखीळ येते, ही समजूत सर्वस्वी खोटी आहे. त्याच्या डोळ्यांमागे दोन लांबट गाठी असतात, त्यांत मात्र विष असते, हे खरे. ते तो कोणावर फेकीत नाही. कुत्र्याने त्याला तोंडात धरले, तर ते विष पाझरते आणि कुत्रा फेस गाळीत त्याला टाकून देतो. म्हणून भेकाला चुकून हात लागला, तर डोळे चोळण्यापूर्वी हात धुवावेत, एवढी काळजी पुरे. उचलल्याबरोबर तो पाण्याची पिचकारी सोडतो. ते विष नसून त्याने शरीरात जपून ठेवलेले पाणी असते. आपल्या भीतीपायी बिचाऱ्याचा साठा वाया जातो.

इतके ऐकल्यावर विद्यार्थी आनंदाने विचारी, "मग भेकासाठी पेटी कसली करू?" मी सांगत असे, "पेटी करूच नकोस." आपल्या देशात १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अनेक वन्य प्राणी पकडण्यास बंदी केली आहे. पण कायदा बाजूला ठेवला, तरी अडचणी राहतातच. भेकाला हलणारे भक्ष्यच दिसते. मेलेला किडा पुढ्यात टाकला, तर तो त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तुम्हाला रोज रात्री जिवंत किडे कोण आणून देणार? दुसरे असे, की आपल्या हातात आलेला जीव कोणता आहे, हे आपल्याला नेहमी कळतेच असे नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीच्या जांभ्या खडकांवर राहणारा, अंगावर पिवळे पट्टे असलेला एक लहानसा भेक २००९ साली शास्त्रज्ञांनी नवी जात म्हणून जगापुढे मांडला. जगात त्याचे वास्तव्य त्याच भागातल्या अगदी थोड्या जागेत आहे. तेथे आलेल्या चार मुलांनी चार डबे भरून भेक नेले, तर काय होईल, याचा विचार करावा.

युरोप-अमेरिकेत दुकानांतून बेडूक विकत मिळतात. ऑस्ट्रेलियातला एक गुबगुबीत हिरवा वृक्षवासी बेडूक तेथील मुलांचा विशेष आवडता आहे. त्याच्यासाठी काचेची पेटी, योग्य ऊब, योग्य ओलावा आणि जिवंत नाकतोडे यांची व्यवस्था करावी लागते; आणि तो पंधरा वर्षांहूनही अधिक जगू शकतो. सहावीतल्या मुलाने हौसेने आणलेला बेडूक तो मुलगा नोकरीला लागला तरी पेटीत जेवणाची वाट पाहत असतो! कंटाळा आला म्हणून असा परका बेडूक ओढ्यात सोडणे तर त्याहून वाईट. १९३५ साली उसावरचे भुंगेरे खाण्यासाठी म्हणून ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये हवाई बेटांवरून सुमारे शंभर मोठे भेक आणले गेले. भुंगेरे राहिले जागच्या जागी. भेकांची संख्या मात्र कोट्यवधी झाली, आणि त्यांना खाऊन तेथील सरडे, साप व इतर प्राणी विषाने मरू लागले. आपल्या भेकाचा आशियातील एक भाऊबंदही मादागास्कर बेटावर पोहोचला असल्याचे २०१४ साली उघडकीस आले. तेथे तो कोणालाच नको आहे.

त्यापेक्षा भेकाला कोंडू नये, बोलवावे. अंगणाच्या किंवा परसाच्या सावलीच्या कोपऱ्यात, जेथे ओल टिकते अशा जागी, फुटके मडके आडवे ठेवून अर्धे मातीत पुरावे. आत थोडा पालापाचोळा घालावा. जवळ एक पसरट, उथळ परळ ठेवून त्यात विहिरीचे किंवा पावसाचे पाणी घालावे. नळाचे असेल, तर एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. परळात एक दगड असावा, म्हणजे आत उतरलेल्या जीवाला बाहेर येता येईल. पाणी एक-दोन दिवसांनी बदलावे, नाही तर त्यात डास होतील. त्या बाजूला औषध फवारू नये. ओसरीचा दिवा संध्याकाळी तासभर लावावा. दिव्यावर किडे येतात आणि किड्यांमागे भेक येतो. आठ दिवसांत येईल, महिन्याने येईल, कदाचित पुढच्या पावसाळ्यात येईल. घाई करण्याचे हे काम नव्हे.

आल्यावर मात्र पाहण्यासारखे पुष्कळ आहे. त्याची जीभ आपल्यासारखी घशाशी नव्हे, तर खालच्या जबड्याच्या पुढच्या टोकाशी जोडलेली असते; ती क्षणार्धात बाहेर पडून किड्याला चिकटते आणि परत येते. गिळताना तो डोळे मिटतो. ते समाधानाने नव्हे, तर डोळ्यांचे गोळे आत दाबून घास खाली लोटण्यासाठी! मधूनमधून तो आपली जुनी कातडी अंगावरून ओढून काढतो आणि चक्क खाऊन टाकतो. शेजारच्या डबक्यात काळ्या मण्यांच्या दुहेरी माळा वनस्पतींना गुंडाळलेल्या दिसल्या, तर ती भेकाची अंडी समजावी. बेडकांची अंडी बहुधा पुंजक्यांनी असतात. त्या माळांतून काळी पिल्ले थव्यांनी निघतात. त्यांना प्रथम मागचे पाय फुटतात, मग पुढचे, आणि शेपूट झिजून शरीरातच विरून जाते. डबक्याकाठी रोज पाच मिनिटे बसलात, तर हे सारे आपोआप दिसेल.

इंग्लंडमधील डेव्हनशायर परगण्यात अठराव्या शतकात अर्सकॉट नावाच्या एका घराण्याच्या वाड्यात असा भेक होता. वाड्याच्या पायऱ्यांखाली त्याचे बीळ होते. संध्याकाळी दिवा आणला, की तो बाहेर येई आणि वर पाही. मग घरचे लोक त्याला उचलून मेजावर ठेवीत व किडे खाऊ घालीत. हा क्रम छत्तीस वर्षांहून अधिक काळ चालला, असे त्या घरच्या गृहस्थांनी पत्राने कळविले आणि पेनंट या प्राणिशास्त्रज्ञाने ते आपल्या ग्रंथात नोंदविले. शेवटी पाळलेल्या डोमकावळ्याने बिळातून ओढून त्याचा एक डोळा फोडला. त्यानंतर तो वर्षभर जगला, पण त्याला पूर्वीची उभारी आली नाही. कोणी त्याला कधी कोंडले नव्हते, हे मात्र लक्षात घेण्यासारखे आहे.

माझ्या परसातल्या मडक्यात गेली चार वर्षे एक भेक राहतो. मागच्या श्रावणात धाकटा भाऊ माझ्याकडे आला होता. आता तोही साठीच्या घरात आला आहे. संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसलो असताना भेक बाहेर आला, परळाच्या काठावर बसला आणि दिव्याकडे पाहू लागला. भाऊ त्याच्याकडे बराच वेळ टक लावून पाहत होता. तेव्हा मी त्याला घंगाळातली ती जुनी हकिगत सांगितली.

तो हसला. "दादा, तुझ्या बेडकाचं पोट त्या सकाळी केवढं फुगलं होतं! मला तेव्हाच कळलं होतं."

"मग दिवसभर शोधीत का हिंडलास?"

"तू बरोबर आला होतास म्हणून," तो म्हणाला, आणि दिव्याखाली पडलेला एक पाखरू भेकाच्या पुढ्यात हलकेच सरकविला.