पुड्यामागची बारीक अक्षरे

घरात कुणाला साखरेचा किंवा बीपीचा त्रास असला, की बिस्किटाचा पुडा उलटून पाहायची सवय लागते. मागे पोषणतत्त्वांचा तक्ता असतो. पण तक्ता छापलेला असणे वेगळे आणि तो वाचता येणे वेगळे.

अमेरिकेत १९९० च्या कायद्याने बहुतेक पाकीटबंद पदार्थांवर असा तक्ता सक्तीचा झाला. कंपन्यांच्या मर्जीवर सोडले असते, तर अडचणीची माहिती कोपऱ्यात गेली असती. म्हणून तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचे प्रमुख डेव्हिड केसलर यांनी बर्की बेल्सर या डिझायनरला बोलावले. बेल्सर यांनी नक्षीला जागाच ठेवली नाही. काळी चौकट, जाड-बारीक आडव्या रेघा आणि हेल्वेटिका हा साधा फॉन्ट, बस. १९९४ पासून हा तक्ता डब्याडब्यावर दिसू लागला.

हेल्वेटिका १९५७ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झाला. त्याच्या अक्षरांना टोकाला शेपट्या नाहीत आणि रेघेची जाडी जवळपास सारखीच. त्यामुळे अक्षर लहान झाले तरी त्याचा बारीक भाग छपाईत पुसट होत नाही. गंमत म्हणजे नियमात या फॉन्टची सक्ती नाही; तो फक्त सरकारी नमुन्यात आहे. सक्ती आहे ती सहज वाचता येईल अशा एकाच वळणाची. मोठ्या पाकिटांवर पोषणतत्त्वांची नावे किमान ८ पॉइंटची हवीत, आणि नमुन्यात अक्षराला अक्षर चिकटू देऊ नये अशी सूचना आहे. ‘एकूण चरबी’ ठळक अक्षरांत, तिच्याखाली थोडे आत सरकवून ‘संपृक्त चरबी’ साध्या अक्षरांत. कशात काय मोडते, हे अक्षराची जाडीच सांगते. २०१६ मध्ये नियम बदलले, तेव्हा कॅलरीचा आकडा चांगलाच मोठा झाला आणि वरून घातलेल्या साखरेची वेगळी ओळ आली.

आपल्याकडे लहान पाकिटांवर एक मिलिमीटर उंचीचे अक्षरही चालते. त्यात लाल पुड्यावर सोनेरी छपाई, तीही चुण्या पडलेल्या चकचकीत कागदावर! जिलेटिन आहे का हे पाहणाऱ्यांनाही घटकांच्या यादीत हाच ताप. मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की नियम पुरा होतो. मराठी कंपनीच्या इच्छेवर. शिवाय देवनागरीत मात्रा वर, उकार खाली, मध्ये जोडाक्षरे. एवढ्या उंचीत हे सगळे बसवले, तर ‘क्त’चा नुसता ठिपका होतो. मराठी छापायची तर अक्षर इंग्रजीपेक्षा मोठेच घ्यायला हवे.

जुलै २०२४ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने एकूण साखर, मीठ आणि संपृक्त चरबी ठळक व मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली आणि मसुद्यावर लोकांच्या सूचना मागवायचे ठरवले. ईदच्या शीरखुर्म्यासाठी कंडेन्स्ड मिल्कचा डबा आणाल, तेव्हा मोबाइलने मागच्या बाजूचा फोटो काढा आणि तो मोठा करून साखरेची ओळ शोधा. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही दाखवा; चष्मा लावूनही त्यांना डब्यावर ती दिसलेली नसते.