यंत्रात आधी काय भरायचं?

हृदयाच्या शस्त्रक्रियेत हार्ट-लंग मशीनच्या नळ्या रिकाम्या ठेवल्या तर हवा रक्तात जाईल. म्हणून आधी साधारण दीड लिटर द्रव भरतात. 1950च्या दशकात दात्यांचं रक्तच भरत. आता बहुधा रिंगर लॅक्टेट, म्हणजे क्षारांचं पाणी. अल्ब्युमिन महाग, आणि हेलसिंकीतल्या 1,386 रुग्णांच्या चाचणीत (2022) त्यानं मोठे धोके कमी झाले नाहीत. स्टार्च मूत्रपिंडाला जड जातं, ते नकोच.

पण वैशेषिकांच्या भाषेत, द्रव्यापेक्षा परिमाण बघा. पाच लिटर रक्त, हिमोग्लोबिन 13. दीड लिटर मिसळलं की 10. आता आपल्याकडची बारीक बाई घ्या: साडेतीन लिटर रक्त, हिमोग्लोबिन 9. उरतं 6.3! मग बाहेरचं रक्त चढवावं लागतं. नांदेड-लातूरहून हैदराबाद, पुण्याला जाणारे नातेवाईक विचारतात, ‘भारीतलं कोणतं?’ त्यांनी विचारावं, नळ्या आखूड करून द्रव कमी लागेल का? आणि तारीख घाईची नसेल, तर आधी हिमोग्लोबिन वाढवता येईल का?