बिशपची निवड आणि संघाची संमती

एखाद्या धर्मप्रांताने आपला धर्माध्यक्ष रीतसर निवडला असता इतर प्रांतांना हरकत घेण्याचा अधिकार असावा काय, हा प्रश्न अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चपुढे २००३ साली उभा राहिला. निमित्त होते आपण समलिंगी आहोत हे उघडपणे सांगणाऱ्या धर्मगुरूच्या निवडीचे. वादाचे मर्म मात्र संमतीच्या प्रक्रियेत आहे. विनयाच्या अभ्यासकास ते परके वाटू नये, म्हणून त्याचा येथे आम्ही परामर्श घेत आहोत.

औरंगाबादचा रोमन कॅथलिक धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला. त्या पंथात बिशपची नेमणूक पोप करतात; त्यामुळे असा वाद तेथे उद्भवत नाही. अँग्लिकन परंपरेची घडण निराळी आहे. तिच्यातील चर्चे स्वायत्त असून कँटरबरीचे आर्चबिशप मानाने अग्रस्थानी असले तरी इतर देशांतील चर्चना आज्ञा करू शकत नाहीत. अमेरिकेत धर्मप्रांतातील धर्मगुरू व सामान्य उपासकांचे प्रतिनिधी मतदानाने बिशप निवडतात; परंतु देशभरातील चर्चची संमती मिळाल्यावाचून त्याचा अभिषेक होत नाही. एरवी ही संमती इतर प्रांतांचे बिशप व स्थायी समित्या यांच्याकडून मागवतात. निवड त्रैवार्षिक महाअधिवेशनाच्या तोंडावर झाली, तर तेव्हाच्या नियमानुसार अधिवेशनच निर्णय करी.

७ जून २००३ रोजी न्यू हॅम्पशायर प्रांताने जीन रॉबिन्सन यांना निवडले. ते तेथे अनेक वर्षे सेवेत होते. मतदार त्यांना जवळून ओळखत होते. ५ ऑगस्टला मिनियापोलिस येथील अधिवेशनात बिशपांच्या सभागृहात ६२ मते अनुकूल व ४३ प्रतिकूल पडली, दोघे तटस्थ राहिले. नियमाप्रमाणे त्या दोघांची गणना विरोधात झाली.

ही गणना आम्हांस विचारार्ह वाटते. आपल्या ञत्तिचतुत्थ कम्मात ठराव एकदा मांडला जातो, तीन वेळा अनुस्सावना होते. ज्यास मान्य असेल त्याने गप्प राहावे, नसेल त्याने बोलावे. तेथे मौन हा होकार आहे, मिनियापोलिसला तटस्थता हा नकार ठरला. संघाचे कम्म समग्र असावे लागते, अधिकारी भिक्खूचा एकही आक्षेप त्यास बाध आणतो. म्हणून मौनाला एवढे वजन. शलाकांनी बहुमत अजमावण्याची येभुय्यसिका ही विवाद मिटवण्यासाठी सांगितली आहे. (२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या याच संसदीय नियमांकडे लक्ष वेधले होते.) मात्र आक्षेप घेणारा सीमेच्या आत असावा लागतो. बाहेरच्या भिक्खूचा आक्षेप त्या कम्माला लागू होत नाही.

अँग्लिकनांचे भांडण नेमके सीमेचे आहे. जगभरच्या बिशपांच्या लँबेथ परिषदेने १९९८ साली ५२६ विरुद्ध ७० मतांनी समलिंगी आचरण बायबलशी विसंगत ठरवले होते. बिशप हा एका प्रांताचा नसून अवघ्या चर्चचा असतो, तेव्हा सर्वांची संमती हवी, असे विरोधकांचे म्हणणे. हा युक्तिवाद पोकळ नाही. परंतु १९८९ साली बार्बरा हॅरिस या पहिल्या स्त्री बिशपचा अभिषेक झाला तेव्हाही अनेक चर्चना तो अमान्य होता, आणि तरी संबंध टिकले. सीमा या वेळीच एवढी रुंद का झाली, याचे समाधानकारक उत्तर आम्हांस आढळले नाही. २ नोव्हेंबर २००३ रोजी रॉबिन्सन यांनी अभिषेकासाठी वस्त्रांखाली बंदुकीच्या गोळीपासून रक्षण करणारे कवच घातले होते. २००८ च्या लँबेथ परिषदेचे निमंत्रण त्यांना मिळाले नाही. २००९ साली विरोधकांनी उत्तर अमेरिकेत वेगळे चर्च स्थापन केले. विनयाच्या भाषेत, ते नानासंवास झाले.

त्याच वर्षी उत्तर मिशिगन प्रांताने केव्हिन थ्यू फॉरेस्टर यांना निवडले. त्यांनी झेन परंपरेत उपासकाची दीक्षा घेतली होती. त्यांचे ध्यान, त्यांनी उपासनाविधीत केलेले फेरफार व त्यांची ख्रिस्ती तत्त्वांची मांडणी यांवर आक्षेप आले, आणि त्यांना संमती नाकारण्यात आली.

महाराष्ट्राशी या वादाचा धागा जुळतो तो चर्च ऑफ नॉर्थ इंडियामुळे. अँग्लिकनांसह सहा चर्चांच्या मीलनातून ते २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झाले व अँग्लिकन समुदायाचे सदस्य आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून वगळले. त्या निकालात बाबासाहेबांच्या भाषणातील संवैधानिक नैतिकतेच्या कल्पनेचा आधार आहे. तथापि बिशप कोणी व्हावे, हे त्या निकालाने ठरत नाही.

आपल्याकडे काय, असे वाचक विचारतील. महावग्गात पण्डकाला उपसंपदा नाकारली आहे, आणि या शब्दाचा अर्थ सरसकट 'समलिंगी पुरुष' असा लावला जातो. तो टिकत नाही. बुद्धघोषांच्या अट्ठकथेत पण्डकाचे पाच प्रकार आहेत. त्यांपैकी एकाच्या व्याख्येत पुरुषापुरुषांतील संबंध येतो. इतरांत मत्सरातून जागणारी कामना, अंगच्छेद, पक्षानुसार बदलणारी वासना व जन्मजात नपुंसकत्व हे निकष आहेत. उपसंपदेच्या वेळी उमेदवारास अंतरायांविषयी प्रश्न विचारतात. तू मनुष्य आहेस काय, पुरुष आहेस काय, दास तर नाहीस ना, ऋणमुक्त आहेस काय, असे ते आहेत. मन कोणाकडे ओढते, हा प्रश्न त्या यादीत नाही.